लाल खडूची रेघ
(माजी विद्यार्थ्याचे मनोगत)

सातवीला आमचे इतिहासाचे सर लढाई शिकवायला लागले की फळ्यावर आधी नद्या काढत, मग वाटा. फौजा सगळ्यांत शेवटी. दाणागोटा ज्या वाटेने येई, ती रेघ लाल खडूची. शाळेने मला दिलेल्यांत ही रेघ मी सर्वांत मोलाची मानतो.

पालखेड म्हटले की आम्हा नाशिकच्या पोरांना कादवेवरचे धरण आठवे. म्हणून सरांनी आधी वैजापूर दाखवले. लढाईचे पालखेड त्या तालुक्यातले. निजामउल्मुल्क तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, औरंगजेबाच्या काळापासून लढाया पाहिलेला, जपून पाऊल टाकणारा. बाजीराव सत्तावीस वर्षांचा. जालन्याकडे लूट, बऱ्हाणपूरची हूल, मग खानदेशातून थेट गुजरात. निजामाने पुणे घेतले, तरी बाजीराव पुण्याकडे धावला नाही. त्याने रोख धरला औरंगाबादेचा. आता निजामाला परतणे भाग पडले, आणि लवकर पोचायचे म्हणून जड तोफा मागे टाकून त्याने गोदावरी ओलांडली. इथे सर खडू खाली ठेवत. “जपणाऱ्याला घाई करायला लावली. लढाई इथेच जिंकली!” फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस मराठ्यांनी त्याला पालखेडला कोंडले, पाणी तोडले, रसद अडवली. मोठी हातघाई न होता ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. इतके महिने घोडा दौडवणारा बाजीराव ऐन वेळी हल्ला न करता थांबला, हे मला आजही त्याच्या दौडीपेक्षा थोर वाटते.

पानिपतावर सर जास्त वेळ बोलत नसत. वर्गात निफाड-विंचूरकडची मुले होती, आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकरांची तुकडी ठरलेली जागा सोडून रोहिल्यांवर तुटून पडली, हे सांगताना त्यांचा आवाज उतरे. पण भाऊसाहेबांच्या छावणीची लाल रेघ १४ जानेवारी १७६१ च्या कितीतरी आधी पुसलेली होती, हे मात्र ते ठासून सांगत.

अभ्यासक्रमात नसलेला ऑस्ट्रियाचा सेनापती डाऊनही त्यांनीच आम्हाला भेटवला. समोर प्रशियाचा राजा फ्रेडरिक, चढाईशिवाय चैन न पडणारा. १८ जून १७५७ ला कोलीनला डाऊन टेकड्या धरून उभा राहिला. फ्रेडरिक चढून आला, हरला आणि त्याला प्रागचा वेढा उठवावा लागला. पुढच्याच वर्षी फ्रेडरिकने ओलोमोउत्स शहराला वेढा घातला. डाऊनने मोठी लढाई टाळली. ३० जूनला त्याच्या सरदारांनी डोमश्टाटलजवळ दारूगोळा आणि धान्याच्या हजारो गाड्यांचा तांडा उद्ध्वस्त केला, आणि तोही वेढा उठला. बाजीराव धावणारा, डाऊन थांबणारा; दोघांनी हात घातला तो त्या लाल रेघेलाच.

सर मनाने डाऊनच्या बाजूचे, असे मला नेहमी वाटे. माझे मन बाजीरावाकडेच आहे. कोलीननंतर हरलेल्या फौजेचा नेटाने पाठलाग न करणारा सेनापती मला अपुरा वाटतो, आणि हा वाद मी सरांशी पुन्हा आनंदाने घालीन.

शाळेच्या महोत्सव समितीला एक विनंती. सातवीची एक सहल वैजापूरच्या पालखेडला न्यावी, आणि ती फेब्रुवारीच्या अखेरीस न्यावी. तेव्हा उन्हे तापू लागलेली असतात. तोफा मागे टाकून आलेल्या फौजेला तिथे पाणी किती लागले असेल, हे मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाही.