आमची वाटचाल: डी-टूचे पंच आणि एक जुना ठोका

एक चेंबर भट्टी, एक टेम्परिंगची भट्टी, तेलाची टाकी आणि पोलादाचा कडकपणा (हार्डनेस) मोजणारं सेकंडहँड रॉकवेल मशीन एवढ्यावर आम्ही दोघा भागीदारांनी हीट ट्रीटमेंटचं, म्हणजे पोलाद तापवून-गार करून कडक करण्याचं (हार्डनिंग) आणि मग बेताने पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवण्याचं (टेम्परिंग), शेड उभं केलं. भट्ट्या भागीदाराने स्वतः विटा लावून बांधल्या. रॉकवेल घेताना आधी पोलादात दाबला जाणारा डायमंडचा कोन (शंकू) भिंगाखाली धरून बघितला, कारण १२० अंशांच्या त्या टोकाचा बारीकसा टवका उडालेला असला तरी मशीन रोज खोटं रीडिंग देत राहतं. आधी १० किलोचा भार, मग १५०चा, लिव्हर सावकाश सोडायचा. आजही नवा मुलगा कामाला आला की सुरुवातीला त्याच्याकडून फक्त टेस्ट ब्लॉकवर, म्हणजे हार्डनेस आधीच माहीत असलेल्या तुकड्यावर, ठोके (कोनाचे खड्डे) मारून घेतो.

पहिली वर्षं चांगली गेली. लिहायचं आहे ते डी-टू या टूल स्टीलच्या त्या पंचांबद्दल, म्हणजे पत्र्याला भोकं पाडणाऱ्या हत्यारांबद्दल.

एका मोठ्या कंपनीकडून पंचांचा लॉट आला. चलानवर 'मटेरियल ॲनील्ड', म्हणजे तापवून सावकाश गार करत पूर्ण नरम केलेलं, असं स्वच्छ लिहिलेलं. रिवाजाप्रमाणे एक पीस तपासला, तर नरम होता, कानस लागत होती. ६५० आणि ८५० अंश सेल्सिअसला प्रीहीट, १०२०ला सोक (आतपर्यंत तापेतो धरून ठेवणं), हवेवर गार आणि हाताला सोसेल इतका कोमट होताच थेट टेम्परिंगला. सगळा ग्राफ चार्टवर उमटलेला. तरीही टेम्परिंगमधून बाहेर काढले तेव्हा बऱ्याच पंचांना खांद्यापाशी तडे होते.

कंपनीने आमचा चार्ट उघडूनही बघितला नाही. बिलाच्या कितीतरी पट रकमेची डेबिट नोट (नुकसानीपोटी कापलेल्या पैशांची चिठ्ठी) पाठवली. आमच्यापेक्षा कमी दरात काम उचलणारा एक हीट ट्रीटर होता, तो जिथे तिथे सांगत सुटला की यांच्या भट्टीच्या टेम्परेचरचा भरवसा नाही. बघता बघता काम आटलं. बँकेचे हप्ते थकले, भट्टी विकायला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं.

त्या काळात एकच माणूस नियमित काम पाठवत राहिला, तो म्हणजे आमचा अगदी पहिला ग्राहक, एक म्हातारे टूलमेकर. ते आले, एक तडकलेला पंच भिंगाखाली बराच वेळ फिरवत राहिले आणि म्हणाले, "हा ठोका कोणाचा?" नरम मालात कोन खोल शिरतो आणि खड्डा रुंद पडतो. हा ठोका बारीक होता, म्हणजे कडक पोलादावरचा. आणि चॅम्फर मारताना (कड तिरकी घासताना) त्याचा अर्धा भाग कापला गेला होता. आमच्याकडे आल्यानंतर त्या पंचांना ग्राइंडिंग व्हीलचा स्पर्शसुद्धा झाला नव्हता! म्हणजे आमच्या भट्टीत येण्याआधी हा माल एकदा हार्ड झालेला होता.

एक पीस कापून लॅबला दिला. आतले कण जाडेभरडे निघाले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आधी तोच हीट ट्रीटर हे पंच करून बसला होता. त्याने जास्त तापवले. डी-टू जास्त तापलं की ऑस्टेनाइट (पोलादाची गरम असतानाची नरम रचना) गार झाल्यावरही शिल्लक राहतं आणि हार्डनेस उलट कमी येतो. पंच रिजेक्ट झाले, तेव्हा घाईत नरम करून, कडा साफ करून तोच माल 'ॲनील्ड' म्हणून आमच्याकडे ढकलला. खरं ॲनिलिंग म्हणजे ८७०च्या आसपास पूर्ण सोक आणि मग ५५०पर्यंत तासाला १० ते २० अंशांनी भट्टीतच उतरवत आणणं. त्यात दिवस जातो, वीज जाते. पण ते केल्याशिवाय आधीच्या हार्डनिंगची खूण पोलादातून जात नाही, आणि तसाच माल पुन्हा हार्ड केला की तडकू शकतो. नुसतं कानस लागते म्हणजे ॲनिलिंग झालं असं समजणाऱ्यांनी आमचं नाव जवळजवळ बुडवलं.

त्या टूलमेकरांनी चार ठिकाणी स्वतः जाऊन सांगितलं, म्हणून भट्टी पुन्हा पेटली. त्यांचं काम आजही रांगेत थांबत नाही.

हे वाचणाऱ्या टूलरूमवाल्यांनो, हार्डनिंगला माल देताना त्याचा पूर्वेतिहास सांगत जा. रफिंग (जाडसर कटिंग) जास्त झालं असेल तर आधी स्ट्रेस रिलीव्ह करून, म्हणजे बेताने तापवून आतला ताण काढून, घ्या. आतल्या कोपऱ्यांना त्रिज्या द्या, ग्राइंडिंगला अलाउन्स (थोडा जादा माल) ठेवा. आणि हार्ड झालेला जॉब टेम्परिंगशिवाय रात्रभर टेबलावर कुणी ठेवत असेल तर त्याच्याकडून आपला माल काढून घ्या.

आमच्या चलानवर आता एक ओळ छापलेली आहे: 'यापूर्वी हार्डनिंग झाले आहे का?' त्यावर सही नसेल तर पीस आत घेत नाही. त्या कंपनीने लॅबचा रिपोर्ट वाचला, चूकही तोंडी मान्य केली, पण डेबिट नोटची रक्कम अजून परत केलेली नाही. मध्यंतरी त्यांच्या परचेसमधून डायच्या कामाची चौकशी आली होती. आधी ते खातं मिटवा, मग दर पाठवतो, असं कळवलं आहे.