पोळ्यानंतरचा रविवार आणि चिखलातली मॅच

गावाचं नाव लिहीत नाही. मैदान गायरानावर आहे, आणि नाव बाहेर निघालं की मोजणीवालेही निघतात, असं पोरांचं म्हणणं. ज्याला जायचंच आहे त्यानं पुलगावच्या बसस्टँडबाहेर कुठल्याही पानठेल्यावर "फुटबॉलवालं गाव" एवढंच म्हणावं. खर्रा घोटता घोटता ठेलेवाला फाटा सांगतो.

दसऱ्यानंतर स्पर्धा सुरू होतात. त्याआधी कामठीचा एक संघ सरावासाठी खेळायला येणार, असा निरोप आला आणि मी लेकीला घेऊन निघालो. ती अकरावीत आहे, स्वतः खेळते, आणि माझ्यापेक्षा तिला ऑफसाइड चांगलं दिसतं. कामठीत १८२१ पासून लष्कराची छावणी आहे आणि फुटबॉल तिथं गल्लीबोळातला खेळ. तिथली पोरं आमच्याकडच्या वावरात येऊन खेळणार, म्हणजे आमच्यासाठी युरोपातल्या मोठ्या क्लबानं आशिया दौऱ्यावर यावं तसंच.

वर्ध्याहून सकाळच्या रेल्वेनं पुलगाव, तिथून आर्वीकडे जाणारी एसटी. लेकीचं तिकीट अर्धं लागलं. मार्च २०२३ पासून एसटीत बायका-मुलींना निम्मंच भाडं आहे. याच बाजूनं एकेकाळी पुलगाव-आर्वी नॅरोगेज गाडी धावायची, ३५ किलोमीटर. आमचे आजोबा तिच्यातून उतरून लघवीला जायचे आणि पळत जाऊन परत चढायचे, असं घरात सांगतात. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

पोटाचं पुलगावातच बघा. तर्रीपोहे खा, दोन आलुबोंडे बांधून घ्या. गावात चहाची एकच टपरी आहे आणि मॅचच्या दिवशी टपरीवाला स्वतः राइट बॅकला खेळतो.

फाट्यापासून आत तीन किलोमीटर पांदण. हे तीन किलोमीटर म्हणजे खरी परीक्षा. काळी माती ओली असली की चप्पल घालूच नका, दहाव्या पावलाला अंगठा तुटतो. माझा तुटला. लेकीनं आधीच सँडल हातात घेतल्या होत्या, ती पुढं चालत होती आणि मागं वळून बघत नव्हती, एवढी तिची माया. गमबूट असतील तर उत्तम, नाहीतर अनवाणीच चला, पण बाभळीखालून जाताना जपून. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी कमरेएवढी, मधल्या तासात तूर. धुऱ्यावर एक बैलजोडी उभी होती, शिंगांना पोळ्याचं बेगड अजून चिकटलेलं.

गावाचा संघ याच दिवसांत का तयार होतो, ते इथं कळतं. पेरणी झाली, डवरणी उरकली, निंदण संपत आलं, आणि बोंडं फुटायला अवकाश आहे. तेवढाच काय तो मोकळा महिना. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन पोरं चिखलात दिवसभर चालतात, त्यामुळे दम भरपूर. चेंडूची सवय मात्र उन्हाळ्यापासून सुटलेली. कामठीकरांचं उलटं. चेंडू पायाला चिकटलेला, पण पंधरवडाभर त्यांना नुसतं पळवलेलं, त्यामुळे पाय जड. सराव सामना बघायचा तर हेच बघायचं. गोल मोजत बसणाऱ्यानं घरी मोबाईलवर बघावं.

मैदान आखायला चुना होता, पण पहाटेच्या पावसानं धुतला. मग चुलीतली राख टाकली. गोलची जाळी नदीवरच्या मासेमारीची, पाण्याची टाकी बसवून उरलेल्या पाइपांना बांधलेली. रेफरी म्हणून पुलगावच्या दारूगोळा भांडारातून निवृत्त झालेले एक काका. शिट्टी वाजली की लांबची माणसंही थांबतात, असा त्यांचा धाक. माइक भजनी मंडळाचा. त्यावरून दर पाच मिनिटांनी, "ट्रॅक्टरवाले भाऊ, कॉर्नरवरून ट्रॅक्टर काढून घ्या बावा."

ठरलं असं, की पंचेचाळीसची दोन सत्रं नकोत, तीस-तीसची तीन करू आणि बदली खेळाडू हवे तेवढे. पहिल्या सत्रात कामठीकरांनी दोन गोल सहज केले. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आमची पोरं पाहुण्यांसारखी बाजूला सरकत होती. इथं एक सल्ला. गावाच्या गर्दीत उभं राहू नका, पाहुण्यांच्या कोचच्या मागं जाऊन उभं राहा. "टच के बाद नहीं, टच से पहले देखो!" हे त्यानं एका सत्रात वीस वेळा तरी ओरडून सांगितलं असेल. लेक ओठांतल्या ओठांत पुटपुटत ते पाठ करत होती.

दुसऱ्या सत्रात पाऊस आला आणि सामना बदलला. बुटांखाली दोन-दोन इंच माती. बाहेर बसलेली पोरं धुऱ्यावर ओळीनं बसून विळ्यानं बूट खरवडत होती, पाहुण्यांनाही विळे पुरवले गेले. शेवटी आमच्या तिघांनी बूट काढूनच टाकले.

"नियमात बूट लागतात ना?" लेकीनं रेफरीकाकांना विचारलं.

"लागतात बेटा. पण कलकत्त्याच्या मोहन बागाननं १९११ साली गोऱ्यांच्या ईस्ट यॉर्कशायर पलटणीले आयएफए शिल्डच्या फायनलमधी २-१ नं हरवलं, तवा एक सोडून सारे अनवाणी होते. आज सरावच हाय. समोरच्या कप्तानाले चालते म्हणे, तं मी कायले अडवू?"

आणि मग तो गोल. डाव्या बाजूला, गोलसमोरच्या डीच्या कडेशी एक खोलगट जागा आहे, उन्हाळ्यात तिथं म्हशी लोळतात. लांबून आलेला चेंडू टप्पा घेईल म्हणून कामठीचा गोलकीपर मागं उभा राहिला. चेंडू म्हशीच्या डबक्यात पडला आणि तिथंच बसला. आमच्या डाव्या विंगरला ते जन्मापासून माहीत. तो थांबलाच नाही, सरळ तिथं पोचला आणि अनवाणी पायानं ढकलून दिला. माइकवाला ट्रॅक्टर विसरला. तिसऱ्या सत्रात दोन्हीकडून एकेक, हिशेब ३-२ पाहुण्यांकडे. ते नाराज नव्हते. त्यांच्या कोचला त्या गोलकीपरशी बोलायला विषय मिळाला होता.

बायकामुलींना घेऊन जाणार असाल तर शाळेतलं स्वच्छतागृह वापरता येतं, किल्ली शेजारच्या घरातल्या काकूंकडे असते. पाणी घरूनच न्या. सावलीला एकच कडुनिंब आहे, तो म्हाताऱ्यांचा. छत्री उघडून पुढं उभे राहिलात तर शिव्या खाल, मीही खाल्ल्या.

सामन्यानंतर दोन्ही संघांनी पाच-पाच पेनल्टींचा सराव केला आणि तो बघत बसल्यानं आमची एसटी गेली. चूक माझी. फाट्यावरून शेवटची गाडी किती वाजता आहे ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा, आणि त्याच्या अर्धा तास आधी पांदणीला लागा. पण चुकल्यामुळे पंगत मिळाली, वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात आणि बुंदी. मग पाहुण्यांच्या टेम्पोत मागं, चिखलानं भरलेल्या बुटांच्या ढिगाशेजारी बसून पुलगावपर्यंत.

टेम्पोतच परतीचा सामना ठरला, दसऱ्याच्या आधीचा रविवार, कामठीला. वर्ध्याहून नागपूर आणि तिथून गोंदियाकडची गाडी, कामठी स्टेशन लगेच येतं. त्यांचं मैदान मुरमाचं आहे, असं मॅनेजर म्हणाला. रात्री घरी पोचल्यावर गावच्या कप्तानाला फोन करून सांगितलं, की जुने झिजलेले बूटच आण.

"अन् विळे?" त्यानं विचारलं.

"विळे राहू दे घरीच."