जाड तार घेतली आणि चार तारा तुटल्या

"जाड तारा घ्या, मधे बारीक केलेल्या नकोत, तिथेच तुटतात." सायकलवर निघण्याआधी चाक बांधून घेताना मिळालेला हा सल्ला. सहा दिवसांत मागच्या चाकाच्या चार तारा (स्पोक) गेल्या. एकही मधे तुटली नाही, चारही हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या वाकावर.

पहिले दोन दिवस रस्ता गुळगुळीत, सोडून देतो. तिसऱ्या दिवशी 22 किलोमीटर खडी. नकाशात हा पक्का रस्ता दिसतो, विश्वास ठेवू नका. पाचव्या किलोमीटरला 'टण्ण' झालं आणि रिम ब्रेकला घासायला लागली. ब्रेक सैल करून रेटलं, तर नवव्याला दुसरी गेली. दोन्ही चेनच्या बाजूच्या. कॅसेट (मागची गिअरची चक्रं) काढल्याशिवाय तिकडची तार घालता येत नाही आणि कॅसेटचं हत्यार मी वजन वाचवायला घरी ठेवलेलं. उरलेले 13 किलोमीटर सायकल ढकलत.

पुढे एका सायकलवाल्याने दोन तारा घातल्या आणि जवळपास अख्ख्या चाकाच्या तारांचे पैसे घेतले. वर तारा लांब निघाल्या; निपलमधून (रिममध्ये तार आवळणाऱ्या छोट्या नटातून) टोक वर आलं, रात्री ट्यूब पंक्चर. पैसे देण्याआधी टायर काढून आत बोट फिरवा. मी दमलो होतो, नाही फिरवलं.

आता हिशेब. चाक फिरताना खाली आलेली तार क्षणभर सैल पडते, वर जाताना पुन्हा ताणली जाते. सगळीकडे 2 मिमी जाड असलेली तार कमी लवचीक, त्यामुळे सगळा मार वाकावर येतो. बटेड, म्हणजे मधे बारीक केलेली तार टोकांना 2 आणि मधे 1.8 मिमी असते. मधला भाग ताण झेलतो, वाक वाचतो. डीटी स्विस कॉम्पिटिशन, सॅपिम रेस या अशाच. बजेट तोकडं असेल तर मागे बटेड, पुढे साध्या. पुढचं चाक सहसा तक्रार करत नाही. पण स्टेनलेसच हव्यात. मुलामा दिलेल्या फुकट मिळाल्या तरी नकोत. चुंबक लावून ओळखायला जाऊ नका, तार ओढताना स्टेनलेसलाही थोडं चुंबकत्व येतं. निपल पितळी. अॅल्युमिनियमच्या निपलने वाचणारे थोडके ग्रॅम तुमच्या पाण्याच्या बाटलीत जास्त भरतात.

माझ्या चाकात तारांइतकाच दोष बांधणीचाही होता: डावीकडच्या तारा बोटाने दाबल्या की लुळ्या. चांगली तारही सैल ठेवली तर वाकावरच जाते. बांधून झाल्यावर समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून करकचून दाबायच्या, मग पुन्हा चाकाचा आउट (वाकडेपणा) काढायचा. हे कुणी तुमच्यासमोर करत नसेल तर चाक उचला आणि दुसरीकडे जा.

सोबत दोन्ही बाजूंच्या तीन-तीन तारा चेनस्टेला (पेडलकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला) चिकटवून न्या. मागच्या चाकाला उजवीकडच्या बहुधा मिमी-दोन मिमी आखूड असतात, म्हणून वेगळ्या रंगाची टेप लावा. आणि कॅसेटचं हत्यार!