यादीत नसलेला व्हॉल्व्ह आणि अडकलेले ४६ दिवस

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान व्हॉल्व्ह कारखान्यात निर्यातीची कागदपत्रे मी सांभाळते. गेल्या वर्षी दुबईच्या एका व्यापाऱ्याला आम्हाला ६४ बेलोज सील व्हॉल्व्ह (ज्यांच्या दांड्याभोवती गळती रोखणारी घड्यांची धातूची नळी, म्हणजे बेलोज, असते) पाठवायचे होते. माल तयार होता, न्हावा शेवापर्यंतचे काम आमच्या सीएचएने, म्हणजे कस्टमचे काम पाहणाऱ्या एजंटने, नेहमीप्रमाणे बिनबोभाट केले असते, आणि खरेदीदाराने ३० टक्के आगाऊ रक्कम पाठवलीही होती. ती रक्कम आमच्या खात्यात जमा व्हायला मात्र ४६ दिवस लागले, आणि या लेखाचे कारण तेवढेच आहे.

पैसे आल्याचे कळताच मी त्याच दुपारी पी०१०३ हा निर्यातीच्या आगाऊ रकमेचा कोड घालून डिस्पोजल इन्स्ट्रक्शन, म्हणजे ही रक्कम कशाची आणि कोणत्या खात्यात जमा करायची याची बँकेला सूचना, दिली. दुसऱ्या दिवशी बँकेची ईमेल आली की रक्कम कम्प्लायन्स तपासणीसाठी रोखली आहे आणि वस्तू स्कोमेट यादीत, म्हणजे शस्त्रांसाठीही वापरता येणाऱ्या आणि निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या सरकारी यादीत, येते का ते कळवावे. आमची वस्तू यादीत नाही, असे एका ओळीचे पत्र मी लेटरहेडवर शिक्का मारून पाठवले. हा माझा आगाऊपणा होता, हे आता मान्य करते. त्या एका ओळीने आमचे दहा दिवस खाल्ले.

वस्तूचे वर्गीकरण स्वतः करून त्याची घोषणा देण्याची जबाबदारी निर्यातदाराची असते, आणि ‘यादीत नाही’ हा त्या कामाचा निष्कर्ष आहे, पुरावा नव्हे. अण्वस्त्रप्रसाराच्या दृष्टीने संवेदनशील व्हॉल्व्हचे कलम साधारण असे आहे: मापाने ५ मिलिमीटर किंवा अधिक, बेलोज सील असलेला, आणि पूर्णपणे अॅल्युमिनियमचा, निकेलचा किंवा ६० टक्क्यांहून अधिक निकेल असलेल्या मिश्रधातूचा, किंवा आतून त्याचे अस्तर असलेला. युरेनियम समृद्ध करताना वापरला जाणारा युरेनियम हेक्साफ्लोराइड वायू साधे धातू खाऊन टाकतो, म्हणून ही अट. आमच्या व्हॉल्व्हला पहिल्या दोन अटी लागू पडत होत्या, आणि इनव्हॉइसवर ‘बेलोज सील’ हे शब्द मीच ठळक अक्षरांत छापले होते. तिसरी अट मात्र लागू नव्हती. बॉडी साध्या कार्बन स्टीलची आणि बेलोज ३१६एल स्टेनलेसची. शेवटी मी मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे धातूत काय किती टक्के आहे ते सांगणारा उत्पादकाचा दाखला, काढले, निकेलच्या रकान्यातील १०.२ या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला, शेजारी कलमातील ६० लिहिले आणि ते स्कॅन करून पाठवले. वस्तूविषयीचा प्रश्न त्यानंतर पुन्हा आला नाही.

पण मग खरेदीदाराचा प्रश्न सुरू झाला. त्यांचे नाव निर्बंध यादीतील कोणाच्या तरी नावाशी अर्धवट जुळत होते. अरबी नावांची रोमन स्पेलिंगे दहा प्रकारे होतात, त्यामुळे संगणक असे अर्धवट जुळणारे नाव पकडणारच. त्यांच्या पासपोर्टची प्रत, म्हणजे खरे तर त्यावरील जन्मतारीख, पाठवताच ते निस्तरले. त्यानंतर पत्ता. त्यांच्या लेटरहेडवर फक्त पी. ओ. बॉक्स होता, आणि बँकेला रस्ता आणि इमारत हवी होती. संयुक्त अरब अमिरातीत टपाल पी. ओ. बॉक्सवरच येते, हे मी शाखेतील अधिकाऱ्यांना तीनदा सांगितले. तीनही वेळा ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, “मॅडम, तुमचे पटते, पण निर्णय मुंबईचा विभाग घेतो.” त्या विभागाला फोन नव्हता. ईमेलला उत्तर चौथ्या दिवशी येई आणि त्यात आधी पाठवलेलाच कागद पुन्हा मागितलेला असे. माझ्या मालकांनी तोवर दोन ठिकाणी उधारी वाढवून पगार केले होते.

एकविसाव्या दिवशी व्यापाऱ्यांनीच वाट काढली. दुबईतील इमारतींवर मकानी क्रमांकाची छोटी पाटी असते, त्यावर दहा आकडे असतात आणि त्यावरून जागा नकाशावर नेमकी सापडते. त्यांनी गोदामाच्या निळ्या दारावरील त्या पाटीचा फोटो पाठवला आणि सोबत व्यापार परवाना जोडला. पत्ता मान्य झाला.

एवढा संशय दुबईवरच का, हे मी रागाच्या भरात वाचून काढले. ऑक्टोबर २००३ मध्ये दुबईहून लिबियाकडे निघालेले ‘बीबीसी चायना’ हे जहाज इटलीतील तारांतो बंदराकडे वळवण्यात आले आणि त्यात युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांचे भाग सापडले. तो माल पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांच्या चोरट्या व्यापाराच्या जाळ्यातला होता. एप्रिल २००४ मध्ये अशा शस्त्रांचा प्रसार रोखण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा १५४० क्रमांकाचा ठराव आला, २००५ मध्ये आपल्याकडे सामूहिक संहाराच्या शस्त्रांसंबंधीचा कायदा झाला आणि २०२२ च्या दुरुस्तीने अशा कामाला पैसा पुरवण्यावरही बंदी आली. त्यामुळे बँकेची भीती मला समजते; एकच कागद चारदा मागणे अजूनही समजत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. वस्तू यादीत नसली तरी ती अशा शस्त्रासाठी वापरली जाणार हे ठाऊक असताना पाठवणे गुन्हाच आहे, म्हणून अंतिम वापराचे पत्र मोघम चालत नाही. आमच्या पहिल्या पत्रात ‘औद्योगिक वापरासाठी’ एवढेच होते, आणि बँकेने ते परत पाठवले ते योग्यच केले. दुसऱ्या पत्रात जबल अलीतील खाद्यतेल कारखान्याचे नाव, थर्मिक फ्लुइडची (उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाची) लाइन, तापमान आणि माल पुढे तिसऱ्या देशात न पाठवण्याची हमी होती. जहाजाची ओळख पटवणारा सात आकडी आयएमओ क्रमांकही बुकिंग होताच द्यावा, तो मागतातच. ही सगळी फाइल पाच वर्षे जपून ठेवावी लागते.

सेहेचाळिसाव्या दिवशी सकाळी रक्कम जमा झाल्याचा एसएमएस आला, तेव्हा मी शॉप फ्लोअरवर जाऊन तो मोठ्याने वाचून दाखवला. यंदा मार्चमध्ये त्याच व्यापाऱ्यांची दुसरी ऑर्डर आली. या वेळी सगळे कागद मी पैसे येण्याआधीच पाठवले होते आणि रक्कम चार दिवसांत सुटली. मकानीच्या पाटीचा फोटो बँकेने पुन्हा मागितला. मी तोच, निळ्या दाराचा, पाठवला.