औषध तयार होतं, पैसेच परत गेले

निर्यातीत माल बनवणं सोपं, कागद उभे करणं अवघड. मी मुंबईतल्या एका मध्यम औषध कंपनीत एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशन बघते. क्युबाच्या राजधानीची, हवानाची एक ऑर्डर अजून डोक्यातून जात नाही. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांच्या वॉर्डसाठी व्हिनक्रिस्टीनची इंजेक्शनं.

हे औषध २ ते ८ अंशांतच ठेवावं लागतं. थर्मोकोलच्या पेट्या, जेल पॅक, प्रत्येक पेटीत तापमान नोंदवणारा लॉगर. पेटी ठरावीक तासच टिकते, म्हणून विमानाचं बुकिंग पक्कं झाल्याशिवाय पॅकिंगला हात लावायचा नाही. आमच्या गोडाउनची मुलं यात पक्की आहेत. मी खपले होते ते कागदांवर. क्युबावर अमेरिकेचे व्यापारी निर्बंध आहेत; मालात दहा टक्क्यांहून जास्त अमेरिकी भाग असला, तर क्युबाला पाठवायला अमेरिकेचा परवाना लागतो. म्हणून कच्च्या मालापासून कुपीच्या रबरी बुचापर्यंत प्रत्येक पुरवठादाराकडून मूळ देशाचा दाखला घेतला. अमेरिकेचं काही नव्हतं. बिलही डॉलरऐवजी युरोत.

बुकिंगच्याच दिवशी सकाळी बँकेचा मेल आला: आगाऊ रक्कम मधल्या युरोपीय बँकेनं परत पाठवली. कारण, ‘अंतर्गत धोरण’.

आमच्या बँकेतला अधिकारी म्हणाला, “मॅडम, क्युबाचं नाव दिसलं की सिस्टीमच थांबवते.” कोणता कायदा मोडला, विचारलं. भारताचे क्युबावर निर्बंध नाहीत; उलट अमेरिकेचे निर्बंध उठवा म्हणणाऱ्या संयुक्त राष्ट्रांतल्या ठरावाला आपण मत देतो. खुद्द अमेरिकेच्या १९९२च्या कायद्यातही औषधांना परवान्याची वाट ठेवलीय. त्याला हे सगळं ठाऊक होतं. माणूस भला आहे. पण २०१४ साली बीएनपी परिबा या फ्रेंच बँकेला सुदान, इराण आणि क्युबाच्या व्यवहारांपायी अमेरिकेत जवळपास ९ अब्ज डॉलर दंड भरावा लागला, आणि जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेनं क्युबाला दहशतवादाच्या पाठीराख्यांच्या यादीत पुन्हा टाकलं. तेव्हापासून बँकांत जो तो आधी आपली कातडी वाचवतो. औषधांवर बंदी नाही असं सांगणाऱ्यांनी एकदा ते पैसे इथवर आणून दाखवावेत.

सेल्सचे साहेब म्हणाले, माल दुसरीकडे वळवा. वळवणार कुठे? लेबल स्पॅनिशमध्ये, नोंदणी क्युबाच्या औषध नियंत्रण संस्थेकडची, सेकमेडकडची. साहेबांना विक्रीशी मतलब, कुपीवर काय छापलंय ते कधी पाहतच नाहीत.

क्युबाच्या सरकारचेही घोळ आहेत. अर्थव्यवस्था त्यांनी स्वतःही बिघडवली, उधारी थकवली, म्हणूनच आम्ही आगाऊ पैसे मागतो. २०१८ मध्ये तिथला बालमृत्यूदर हजारी ४ होता, २०२४ मध्ये तो ७च्या वर गेला. याचं सगळं खापर निर्बंधांवर फोडता येणार नाही. पण या वेळी पैसे होते, त्यांनी भरलेही होते.

शेवटी रक्कम दुसऱ्या बँकेमार्फत आली, भरपूर कमिशन कापून. तोवर विमानाचं भाडंही चढलं होतं. खरेदीदारानं कळवलं, एवढ्यात बसेल तेवढंच पाठवा. मी इनव्हॉइसवर कुप्यांचा आकडा कमी केला. उपचाराच्या सुरुवातीला हे औषध दर आठवड्याला द्यावं लागतं. कमी केलेली प्रत्येक कुपी म्हणजे कुणाचा तरी डोस, एवढं मला कळतं.

पैसे कोणत्या नियमाखाली परत गेले, ते बँकेला लेखी विचारलंय. उत्तर आलेलं नाही. हवानाहूनच नवी मागणी आलीय आणि मी दाखले पुन्हा गोळा करतेय.