तुम्ही विचारलंत म्हणून: नाझींचाच रणगाडा का?

दिवाळीच्या फराळाला येणाऱ्यांपैकी एकजण तरी काचेच्या कपाटातल्या, मी सुटे भाग जोडून बनवलेल्या छोट्या प्लॅस्टिकच्या रणगाड्यापाशी थबकतो. "डॉक्टरबाई, हा टायगर ना? बनवायला नाझींचाच रणगाडा सापडला?" इतकी वर्षं मी "किट चांगलं मिळालं हो" म्हणत चहा टाकायला आत सटकत होते. यंदा सांगूनच टाकते.

चाकांपायी. सुरुवातीच्या टायगरला दर बाजूला आठ आस, दर आसावर तीन चाकं, म्हणजे एकूण 48. तीही दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तशी बसवलेली. 57 टनांचं धूड रुतू नये म्हणून वजन पसरवायची ही युक्ती. 1:35 च्या मापात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शात, एकेक चाक पाच रुपयांच्या नाण्याएवढं होतं. स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून येतात तिच्यावरून, कापा, राहिलेलं टोक काचपेपरने घासा, कडेच्या रबराला काळपट रंग द्या; हे 48 वेळा. दवाखाना बंद केल्यावर दातांची जुनी अवजारं टाकवली नव्हती, ती इथे उपयोगी पडली.

पहिल्या खेपेला मी घाई केली. आधी चाकं चिकटवली, म्हटलं रंग नंतर देऊ. आतल्या रांगेपर्यंत ब्रशच पोचेना. आतलं एक चाक काढायला बाहेरची पाच उचकटली आणि सहाव्याला आस मोडला. चाळीस वर्षं दात काढले, पण इतका घाम कधी फुटला नव्हता.

खरा टायगर सांभाळणाऱ्या मेकॅनिकांचं याहून वाईट. रशियाच्या हिवाळ्यात चिखल आणि बर्फ चाकांच्या फटींत भरून रात्रीत गोठायचा, सकाळी गाडी जागची हलायची नाही. आतलं चाक गेलं की बाहेरची उतरवा. रेल्वेने न्यायचा तर रुंदी मापात बसत नाही, म्हणून बाहेरची चाकं काढा, चाकांवरचे 725 मिलिमीटर रुंदीचे लोखंडी पट्टे उतरवून 520 चे चढवा. मुक्कामी पोचलात की सगळं उलट. 88 मिलिमीटरची तोफ, पुढे 100 मिलिमीटरचं पोलाद, ते खरंच. पण असे टायगर झाले जेमतेम साडेतेराशे, आणि समोर रशियाचे टी-34 रणगाडे पन्नास हजारांवर. 'अजिंक्य टायगर'च्या गप्पा मारणाऱ्या आमच्या भाच्याला मी एकदा एका बाजूची चाकं बसवायला दिली होती. बाराव्या चाकाला त्याला क्लासची आठवण झाली.

किटमध्ये झाकणातून डोकावणारा कमांडरही येतो. तो मी खोक्यातच ठेवते. यंत्र उलगडून बघायला आवडतं, त्यातल्या माणसाला मिरवायची मला हौस नाही.

आणि पुढचा प्रश्न असतोच, "मग आपले?" इटलीत याच जर्मन सैन्याशी मराठा लाइट इन्फन्ट्री लढली. 10 जुलै 1944 ला टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टायगरची किटं हवी तेवढी मिळतात. मराठा शिपाई मला तरी या मापात कुठे मिळाला नाही. म्हणून ब्रिटिश शिपायांच्या संचातला एक घेतलाय. हेल्मेट चालून जाईल, चेहरा मात्र पुट्टीत नव्याने घडवतेय. मेणात दाढा घडवायची सवय आहे, पण तांदळाच्या दाण्याहून लहान नाक काही जमत नाहीये.