पानाची चौकट

भाषाविज्ञान शिकणाऱ्या माझ्या भाचीला एका टिपणासाठी वाक्याचे झाड, म्हणजे वाक्याची रचना फांद्या फोडून दाखवणारी आकृती, काढून हवे होते. वाक्य साधेच होते, ‘घरासमोरच्या झाडावर मुलगी चढली’. आणि अट एवढीच होती की झाडाच्या पानांना, म्हणजे वाक्यातल्या प्रत्यक्ष शब्दांना, चौकट असावी. शाळेत वाक्यपृथक्करण करताना पट्टीने रेघा मारून उद्देश्य विभाग आणि विधेय विभाग असे रकाने आखलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे काम अर्ध्या तासाचे वाटले होते.

अशी झाडे काढण्यासाठी मी लेटेक वापरतो. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ साली तयार केलेल्या टेक या अक्षरजुळणीच्या भाषेवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी उभी केलेली ही व्यवस्था आहे. तिच्यात चित्र हाताने काढायचे नसते, ते शब्दांत सांगायचे असते. चित्रांसाठी तिच्यात टिक्झेड नावाचे जे साधन आहे, त्याचे नावच मुळी ‘टिक्झेड हे चित्र काढण्याचे साधन नव्हे’ या अर्थाच्या जर्मन वाक्याच्या आद्याक्षरांतून आलेले आहे. हा विनोद ज्याला पहिल्या दिवशी कळतो, त्याला पुढचे दिवस जरा सोपे जातात. या टिक्झेडवर साशो झिवानोविच या स्लोव्हेनियातल्या भाषावैज्ञानिकाने रचलेली फॉरेस्ट नावाची जोड आहे. तिला झाड कंसांत कंस घालून सांगावे लागते: वाक्याच्या कंसात नामगटाचा कंस, त्यात शब्दाचा कंस, शेजारी क्रियागटाचा. एक कंस मिटायचा राहिला तर सगळे झाड अडते आणि दोष कुठे आहे हे सांगण्याऐवजी यंत्र फाइलच्या शेवटाकडे बोट दाखवते.

झाड उभे राहते ते उलटे, मूळ वर आणि पाने खाली. पण ज्याने कीर्तनात ऊर्ध्वमूळ अश्वत्थाचे निरूपण ऐकले आहे, त्याला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. पानांना चौकट देण्याचा नियमही एका ओळीचा आहे: ज्या गाठीची, म्हणजे झाडातल्या ज्या बिंदूची, अपत्यसंख्या शून्य, तिच्याभोवती रेघ ओढ. यंत्राला पान ओळखण्याची दुसरी खूण ठाऊकच नाही. हाच नियम घरच्या वंशावळीला लावला असता, तर परवा बारसे झालेले बाळ आणि आजन्म अविवाहित राहिलेले चुलत आजोबा एकाच न्यायाने चौकटीत बसले असते. मग आणखी एका सूचनेने सगळी पाने एका पातळीवर आणायची, म्हणजे फांद्या कितीही कमीजास्त लांबीच्या असल्या तरी खालची ओळ डावीकडून उजवीकडे सरळ वाक्यासारखी वाचता येते.

पहिला प्रश्न उभा राहिला तो देवनागरीमुळे. चौकट शब्दाच्या मापाने आखली जाते. ‘मुलगी’ला वर वेलांटी आणि खाली उकार, त्यामुळे तिची चौकट उंच आणि खोल, ‘झाडावर’ला वरही काही नाही आणि खालीही काही नाही, म्हणून त्याची बुटकी. शिरोरेषा एका ओळीत आणि चौकटी मात्र जत्रेतल्या पालांसारख्या वरखाली, असे ते दृश्य होते. प्रत्येक पानाची उंची आणि खोली ठरावीक आकड्यांत बांधून दिली, तेव्हा चौकटी एका रांगेत आल्या. ही डोकेदुखी, पण सुटणारी.

सुटली नाही ती दुसरी. चित्र पाहून भाची म्हणाली, “मामा, ‘घरासमोरच्या’ हे एक पान कसं?” आणि तिचे खरे होते. त्यात घर आहे, समोर आहे, चा आहे. तोडायचे ठरवले तर पहिला तुकडा पडतो ‘घरा’. आणि हे सामान्यरूप म्हणजे प्रत्ययाची किंवा शब्दयोगी अव्ययाची वाट पाहत थांबलेला शब्द. मराठी माणूस ‘घरा’ एवढेच बोलून थांबत नाही, मग त्याच्याभोवती चारी बाजूंनी रेघ ओढून त्याला पूर्ण ठरवायचे कसे? इंग्रजीत असे शब्दयोगी सुटे लिहिले जातात, त्यामुळे निदान कागदावर पाने आयती तुटून मिळतात. आपण ती एका शिरोरेषेखाली जोडून लिहितो, आणि कुठे तोडायचे याचा निर्णय झाड काढणाऱ्यावर येऊन पडतो.

‘चढली’ने तर कमालच केली. धातू चढ, भूतकाळाचा ल, आणि स्त्रीलिंगी एकवचनाची ई. व्याकरणाच्या दृष्टीने तिसरे पान तेवढेच महत्त्वाचे, कारण मुलीशी क्रियापदाचे नाते तेच सांगते. पण नुसती वेलांटी चौकटीत टाकली की तिला धरायला अक्षर नसल्यामुळे संगणक तिच्याशेजारी ठिपक्यांचे एक पोकळ वर्तुळ आणून बसवतो. स्वतंत्र ‘ई’ लिहावी, तर वाक्यात कधी न दिसलेले अक्षर पानावर येते. मला ते ठिपक्यांचे वर्तुळच अधिक प्रामाणिक वाटले, भाचीला अजिबात नाही.

शेवटी तिने क्रियापद अखंड ठेवले. ‘घरासमोरच्या झाडावर’ या सगळ्या पदबंधाचे मात्र तिने एकच पान केले आणि त्याच्यावर फांदीऐवजी त्रिकोण काढायला सांगितला; आतली रचना इथे उलगडलेली नाही, एवढाच त्या खुणेचा अर्थ. फॉरेस्टमध्ये त्यासाठी जी सूचना लिहावी लागते, तिचे नाव ‘रूफ’. त्या लांबट चौकटीवर उतरते छप्पर आले, आणि ‘घरा’ त्याच्याखाली न तुटता राहिला.